पानावर भांडण नाही, म्हणजे सगळं ठीक आहे का?



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी, कोर्सवर्कच्या शेवटी, मला विभागात एक छोटं सादरीकरण करायचं होतं. विषय होता वादग्रस्त विषयांवर स्वयंसेवक मिळून लेख कसे लिहितात. सरावासाठी मी मराठी विकिपीडियावरची इस्लामशी संबंधित काही पानं निवडली होती आणि एका प्रसिद्ध सूत्रात टाकली होती. हे सूत्र पानावर किती वाद झाला ते मोजतं. बहुतेक ठिकाणी उत्तर आलं शून्य.

मी खूश. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरात लिहिलं, 'इंग्रजी पानांवर वाद, मराठी पानांवर सामंजस्य.' मॅडमनी स्लाइड वाचली आणि विचारलं, "तू हिंगोलीचा ना? दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं गेली की तांड्यावर भांडणं होतात का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. तिथे म्हातारी माणसं आणि कुलपं."

"मग त्याला सामंजस्य म्हणशील?"

आजची पोस्ट या प्रश्नाबद्दल आहे. जे विद्यार्थी पेट देऊन किंवा नेट-सेटनंतर संशोधनाकडे वळणार आहेत, त्यांना ही चूक आधीच कळली तर माझ्यासारखी स्लाइड खोडावी लागणार नाही.

हे लेख लिहितं कोण?

मराठीत ज्ञानकोशांची परंपरा जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गेल्या शतकाच्या विशीच्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. विश्वकोशात 'इस्लाम धर्म' ही नोंद आहे. या दोन्ही कामांत लेखक कोण, संपादक कोण, जबाबदारी कुणाची हे ठरलेलं होतं.

विकिपीडियाची रीत वेगळी. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, मराठी १ मे २००३ रोजी. (आमचा हिंगोली जिल्हाही परभणीतून वेगळा झाला तो १ मे रोजीच, १९९९ मध्ये. त्यामुळे मला दोन्ही तारखा पाठ आहेत.) इथे कुणालाही पगार नाही, नेमणूक नाही. खातं न उघडताही बऱ्याच पानांवर बदल करता येतो. पूर्वी मग सदस्याच्या नावाच्या जागी त्याच्या इंटरनेट जोडणीची ओळख दिसायची.

या स्वयंसेवकांनी कामापुरते शब्दही छान घडवले आहेत. नवशिक्याने जिथे लिहून बघायचं ती 'धूळपाटी'. सगळ्यांनी मिळून बोलायचं ती 'चावडी'. पान सुरक्षित करण्याचे, हटवण्याचे जादा अधिकार असलेला सदस्य तो 'प्रचालक'. आपोआप चालणारा प्रोग्राम म्हणजे 'सांगकाम्या'. प्रत्येक लेखाला एक 'चर्चा' पान असतं आणि एक 'इतिहास' असतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणी कोणता शब्द बदलला, हे सगळं त्या इतिहासात साठलेलं असतं. संशोधकाला लागणारी विदा तीच.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. विकिपीडिया ज्या मीडियाविकी नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो ते मोफत आहे, कुणीही वापरू शकतं. त्यामुळे इस्लामवर स्वतंत्र विकीही आहेत. 'विकिशिया' शिया दृष्टिकोनातून माहिती देतो. 'विकिइस्लाम' इस्लामच्या टीकेसाठी ओळखला जातो. दिसायला सगळे सारखेच. तेच इतिहासाचं बटण, त्याच निळ्या दुव्यांच्या ओळी. पण धोरणं वेगळी, लिहिणारे वेगळे, हेतू वेगळे. म्हणून 'विकीवर वाचलं' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या विकीवर, हे आधी बघायचं.

भांडण मोजायचं कसं?

आता त्या सूत्राकडे येऊ. ताहा यासेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकिपीडियाच्या दहा भाषांमधले सर्वांत वादग्रस्त लेख शोधले होते. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, चेक, हंगेरियन, रोमेनियन, अरबी, फारसी आणि हिब्रू. इंग्रजीच्या पहिल्या दहा लेखांत जॉर्ज बुश होते, जागतिक तापमानवाढ होती, येशू होते आणि मुहंमद पैगंबरही होते. मराठी या दहा भाषांत नव्हती, म्हणून मला वाटलं, चला, आपण करून बघू.

सूत्राची कल्पना सोपी आहे. एकाने केलेला बदल दुसऱ्याने पूर्ण रद्द केला की त्याला 'उलटवणं' म्हणतात. पण नुसती उलटवणी मोजून चालत नाही. कुणीतरी येऊन पानावर शिवी टाकतो, दुसरा ती काढतो. तो वाद नाही, झाडलोट आहे. म्हणून पहिली अट अशी की दोघांनीही एकमेकांचं लिखाण उलटवलेलं असायला हवं.

दुसरी पायरी म्हणजे वजन. जोडीतल्या ज्या सदस्याची त्या पानावरची संपादनं कमी, तो आकडा त्या जोडीचं वजन. समजा एकाची ९० संपादनं आणि दुसऱ्याची ६०, तर वजन ६०. दोन मुरलेले संपादक भांडले तर वजन मोठं. मुरलेला आणि एकदाच आलेला पाहुणा भांडले तर वजन १ किंवा २.

तिसरी पायरी मला तेव्हा नीट कळलीच नव्हती. सगळ्या जोड्यांची वजनं मिळवताना सर्वांत जड जोडी वगळायची. का? तर दोनच माणसांचं वैयक्तिक वैर असेल तर त्याला विषयाचा वाद म्हणू नये म्हणून. शेवटी जी बेरीज येईल तिला अशा भांडणात गुंतलेल्या सदस्यांच्या संख्येने गुणायचं.

आता हे लहान पानाला लावून बघा. समजा पानावर खरंखुरं भांडण झालं, पण भांडणारे दोघेच आहेत. जोडी एक. ती सर्वांत जड, म्हणून वगळली. बेरीज शून्य, गुणाकार शून्य. आणि ज्या पानावर आयुष्यात कुणी कुणाचं काही उलटवलंच नाही, तिथेही शून्य. म्हणजे भांडून एकमत झालेलं पान, दोघांनी भांडून एकाने हार मानलेलं पान आणि कुणी फिरकलंच नाही असं पान, तिन्ही माझ्या तक्त्यात एकाच रकान्यात, एकाच आकड्याने बसली होती.

सूत्र चुकीचं नाही. ते हजारो संपादक असलेल्या पानांसाठी बनवलं होतं. मी ते वस्तीच नसलेल्या ठिकाणी लावलं. उसाच्या गाडीचा वजनकाटा सोनं तोलायला घेतला तर दोष काट्याचा नसतो.

भांडणाचा उपयोग

इंग्रजी पानांवर इतका वाद होतो, मग ती वाईट असतात का? इथे उत्तर आपल्या अपेक्षेच्या उलट आहे.

मुहंमद पैगंबरांच्या इंग्रजी लेखात जुन्या फारसी आणि तुर्की हस्तलिखितांतली काही चित्रं आहेत. ती काढावीत म्हणून २००८ मध्ये ऑनलाइन अर्ज झाला, एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. चर्चा पानावर माणसं वर्षानुवर्षं बोलत राहिली. शेवटी चित्रं राहिली. पण लेखाच्या सुरुवातीला चित्र नाही, पैगंबरांच्या नावाचं सुलेखन आहे. आणि ज्याला चित्रं बघायची नाहीत त्याने आपल्या ब्राउझरमध्ये ती कशी लपवावीत, तेही लिहून ठेवलं आहे. हा निर्णय सगळ्यांना पटला असं नाही. पण तो का झाला, कोणत्या मुद्द्यांवर झाला, हे कुणालाही वाचता येतं.

२०१९ मध्ये 'नेचर ह्युमन बिहेविअर'मध्ये फेंग शी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. अमेरिकन राजकारणात उजवीकडे आणि डावीकडे झुकणारे संपादक ज्या पानांवर एकत्र आले, त्या लेखांचा दर्जा एकाच बाजूच्या संपादकांच्या लेखांपेक्षा चांगला निघाला. त्यांच्यात चर्चा जास्त झाली, वाद जास्त झाला, आणि म्हणूनच नियमांवर आणि संदर्भांवर बोट ठेवून बोलावं लागलं. समोर न पटणारा माणूस बसला की आपण वाक्य जपून लिहितो. वायवा देताना हे आपल्यालाही कळतं.

याउलट काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे क्रोएशियन विकिपीडिया. तिथे जवळपास दशकभर कडव्या राष्ट्रवादी विचारांच्या मोजक्या प्रचालकांचं चाललं. न पटणारे संपादक बाहेर गेले किंवा घालवले गेले. अखेर २०२१ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानने त्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. विरोध करणारेच निघून गेले की वाद कमी दिसणार, हे उघड आहे. बाहेरून बघणाऱ्याला ती शांतता वाटते.

म्हणून मला आता असं वाटतं: लहान भाषेतल्या विकीला भांडणापेक्षा मोठा धोका शांततेचा असतो. मराठीत लेख लाखाच्या घरात गेलेत, पण प्रचालक बोटांवर मोजण्याइतके. नियमित संपादकांनाही नोकरी आहे, संसार आहे. इस्लामसारख्या विषयावर कुणी एकांगी वाक्य टाकलं, मग ते द्वेषाचं असो की निव्वळ प्रचाराचं, तर ते कुणाच्या तरी नजरेस पडेपर्यंत तिथेच राहतं. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि त्यात दर दहांत साधारण एक जण मुस्लिम. शेजारच्या घराबद्दल शाळेतला मुलगा मोबाइलवर जे वाचतो, ते कुणीतरी एकट्याने, कुणी न तपासता लिहिलेलं असू शकतं.

माझं एक वाक्य

हे मी लांबून बोलत नाही. एम.एस्सी.ला असताना मी आमच्या तालुक्यातल्या एका दर्ग्याच्या उरुसाबद्दल एका पानावर एक वाक्य लिहिलं होतं. आजीकडून ऐकलेलं. संदर्भ काहीच नाही. कुणी हरकत घेतली नाही, मला वाटलं बरोबर असणार.

काही महिन्यांनी एका ज्युनिअरने प्रोजेक्ट रिपोर्ट वाचायला दिला. त्यात माझं वाक्य होतं, माझ्याच चुकलेल्या विरामचिन्हासकट. खाली 'स्रोत: इंटरनेट'. मी त्याला विचारलं, "हे कशावरून?" तो म्हणाला, "सर, सगळीकडे असंच आहे." मग मी दर्ग्यावर जाऊन विचारलं. तिथल्या एका चाचांनी हसून सांगितलं, "बेटा, हे तर उलटंच लिहिलंय." मी महिनाच चुकीचा लिहिला होता. त्या रात्री मी ते वाक्य स्वतःच काढलं. रिपोर्टमधून ते कोण काढणार?

बरोबर महिना मात्र मी लिहिला नाही. चाचांचं सांगणं हाही छापील संदर्भ नव्हे. आधी पुस्तक शोधायचं ठरवलं आणि तिथे एक गोष्ट शिकलो, ती तुमच्याही उपयोगाची आहे. हिंगोली जिल्हा १९९९ चा, त्यामुळे त्याआधीच्या छापील साधनांत 'हिंगोली जिल्हा' शोधून काही मिळत नाही. परभणी जिल्ह्याचं गॅझेटिअर काढायचं, त्यात तालुका शोधायचा. त्याही मागे जायचं तर हा सगळा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे बरीच कागदपत्रं उर्दूत. मराठी पानावर संदर्भ कमी असण्याचं हेही एक कारण आहे. दर वेळी आळस नसतो, कधी कधी लिपीची भिंत असते. उर्दू वाचणारे आणि मराठी लिहिणारे एकत्र बसले तर ती भिंत पडेल.

सनद हा शब्द

आपल्याकडे 'सनद' हा शब्द इनामाच्या कागदामुळे माहीत आहे. जमीन तुझी कशावरून? ही घे सनद. हा शब्द अरबीतून आला. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे कथनाची साखळी: हे मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, त्याने पैगंबरांच्या सोबत्याकडून. हदीसचे दोन भाग असतात. एक सनद आणि दुसरा मतन, म्हणजे मूळ मजकूर. नवव्या शतकात इमाम बुखारींनी जो संग्रह केला त्यात पुनरावृत्ती धरून सात हजारांहून जास्त हदीस आहेत, आणि प्रत्येकीची साखळी तपासणं हे त्या कामाचं मर्म होतं. मजकूर कितीही सुंदर असो, साखळीत तुटका दुवा असेल तर दर्जा खाली.

विकिपीडियाचा 'संदर्भ हवा' हा साचा तेच विचारतो. एक फरक मात्र विसरायचा नाही. हदीसशास्त्रात सांगणारा माणूस कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, चारित्र्य कसं, हे तपासलं जातं. विकिपीडियावर लिहिणारा कोण हे बहुधा कळतच नाही. तिथे विश्वास माणसावर ठेवायचा नसतो, त्याने दिलेल्या पुस्तकावर ठेवायचा असतो.

इथेच मी दुसरी चूक करणार होतो. संशोधन आराखड्यात मी लिहिलं होतं की सदस्यनावावरून संपादकांचा धर्म ओळखून दोन गट करू. समितीने तो परिच्छेद लाल पेनाने काढला, आणि बरोबर काढला. एक तर नावावरून धर्म ठरत नाही. टोपणनावावरून तर नाहीच. दुसरं, नाव उघड दिसतं म्हणजे त्या माणसाने माझ्या यादीत बसायला संमती दिली असं होत नाही. उद्या ती यादी चुकीच्या हाती पडली तर? फेंग शी यांच्या निबंधातही कल नावावरून ठरवलेला नाही, कोणत्या पानांवर काम केलं त्यावरून काढला आहे. धर्माच्या बाबतीत मी तेही करणार नाही. माणूस मोजायचा नाही, संपादन मोजायचं.

भाषेची एक गाठ

मराठी पानांचं एक वैशिष्ट्य इंग्रजी निबंधांत सापडणार नाही. इंग्रजी विकिपीडिया पैगंबरांच्या नावापुढे आदरार्थी वचन लावत नाही आणि क्रियापदालाही आदर कळत नाही. मराठीत 'तो म्हणाला' आणि 'ते म्हणाले' यांतलं एक निवडावंच लागतं. मग 'ते' लिहिलं तर पक्षपात झाला का? मला तसं वाटत नाही. आपण ज्ञानेश्वर, कबीर, येशू, बुद्ध यांच्याबद्दल 'ते' लिहितो, मग पैगंबरांबद्दल 'ते' हीच मराठीची तटस्थता. एकाला 'ते' आणि दुसऱ्याला 'तो' झालं की मात्र संपादकाचा कल दिसतो. माझ्या नव्या आराखड्यात मी हेच मोजतोय. शिवाय मुहंमद, मोहम्मद, महंमद, कुराण, कुरआन अशी लेखनरूपं अनेक. शोध एकाच रूपावर घेतला तर अर्धी पानं सुटतात.

आज संध्याकाळी करून बघा

इस्लामशी किंवा कोणत्याही धर्माशी संबंधित एक मराठी पान उघडा. आधी मजकूर वाचू नका, 'इतिहास' उघडा. पान कधी सुरू झालं, किती वेगवेगळ्या हातांनी लिहिलं, शेवटचा मोठा बदल कधीचा, ते टिपून ठेवा. सांगकाम्यांची संपादनं बाजूला काढा, नाहीतर पान उगाच गजबजलेलं वाटेल. मग चर्चा पान बघा. ते कोरं असेल तर 'वाद नाही' असं लिहू नका, 'चर्चा नोंदलेली नाही' असं लिहा. दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रबंधात माहिती घ्यायची तर पानाचा नव्हे, त्याखालच्या मूळ पुस्तकाचा संदर्भ द्या, आणि ते पुस्तक खरंच उघडून बघा. पानाचाच अभ्यास करत असाल तर त्या दिवसाच्या आवृत्तीचा शाश्वत दुवा आणि तारीख लिहा. पान उद्या बदलेल, तुमचा निष्कर्ष त्या आवृत्तीपुरता आहे.

आणि तक्त्यात शून्य दिसलं तर थांबा. ते मोजून आलेलं शून्य आहे की मोजण्यासारखं काही नव्हतं म्हणून आलेलं? रसायनशास्त्रवाल्यांना उपकरणाची शोधमर्यादा माहीत असते, त्याखाली असलेला पदार्थ 'नाही' असं कुणी म्हणत नाही. आपल्या विषयातही तेवढीच काळजी हवी.

माझ्या शेवटच्या स्लाइडवर आता एवढंच वाक्य आहे: 'या पानांवरील वादाचे प्रमाण या सूत्राने ठरवता येत नाही.' टाळ्या पडल्या नाहीत, पण मॅडमनी मान डोलावली.

उरुसाबद्दलचं ते वाक्य पानावर अजून नाही. छापील संदर्भ मिळाला की चर्चा पानावर आधी विचारून मग लिहीन. तुमच्यापैकी कुणी उर्दू वाचत असेल आणि परभणी-हिंगोलीकडची जुनी पुस्तकं बघायला तयार असेल, तर खाली कमेंटमध्ये सांगा. मिळून करू. आणि माझं चुकत असेल तर तेही सांगा, त्याशिवाय पान सुधारत नाही.